ब्राझीलच्या महिलांना घरच्या मैदानावर संधी

पुरुषांचा विश्वचषक पाच वेळा जिंकणाऱ्या ब्राझीलला महिलांच्या विश्वचषकाने मात्र आजवर हुलकावणीच दिली आहे. याचे मूळ मैदानाबाहेर सापडते. १९४१ मधील सरकारी आदेशाने ‘स्त्रीप्रकृतीला न मानवणारे’ खेळ महिलांसाठी निषिद्ध ठरविले. त्यात फुटबॉलही आला. पेलेच्या पिढीने १९५८, १९६२ आणि १९७० मध्ये जग जिंकले, तेव्हाही ही बंदी कायम होती. ती उठली थेट १९७९ मध्ये.

तरीही १९९१ पासूनच्या प्रत्येक महिला विश्वचषकात ब्राझील खेळला. २००७ च्या अंतिम सामन्यात जर्मनीने त्यांना २-० असे नमविले. स्पर्धेत विक्रमी १७ गोल करणाऱ्या मार्टालाही जेतेपद लाभले नाही. २०२३ मध्ये तर संघ साखळीतच गारद झाला.

त्यानंतर प्रशिक्षक आर्थर एलियास यांनी संघाची फेरबांधणी केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जगज्जेत्या स्पेनला उपान्त्य फेरीत ४-२ असा धक्का देत संघाने रौप्यपदक मिळविले. २०२५ मध्ये कोपा अमेरिकाही जिंकली. पण कोलंबियाविरुद्धचा अंतिम सामना ४-४ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर सुटला. ढिला बचाव हीच खरी चिंता. दक्षिण अमेरिकेतील पहिला महिला विश्वचषक २४ जून २०२७ पासून ब्राझीलमध्येच रंगणार आहे. जिथे महिलांना खेळण्याची मुभा नव्हती, तिथेच आता त्यांच्याकडून जेतेपदाची अपेक्षा आहे.