सई परांजपे : 'स्पर्श' ते पद्मपाणी

अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा जीवनगौरव पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. जानेवारी २०२५ मध्ये, महोत्सवाच्या दहाव्या वर्षी, तो चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे यांना मिळाला. स्मृतिचिन्ह, सन्मानपत्र आणि दोन लाख रुपये असे त्याचे स्वरूप. मराठवाड्याने केलेला हा गौरव अगदी योग्य हाती गेला.

सईंची सुरुवात आकाशवाणीवर झाली, पुढे दिल्ली दूरदर्शन. मोठी दाद मिळाली ती त्यांच्या 'स्पर्श' या चित्रपटाला. अंधशाळेचा स्वाभिमानी मुख्याध्यापक आणि त्याच्या आयुष्यात आलेली विधवा, एवढीच गोष्ट. पण दयेचा एक सूरही सईंनी त्यात लागू दिला नाही. १९७९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथेसाठी सई आणि अभिनयासाठी नसीरुद्दीन शाह, असे तीन मान या चित्रपटाकडे आले. प्रदर्शन मात्र रखडले. त्यामुळे 'फिल्मफेअर'ची मोहोर थेट १९८५ मध्ये उमटली : चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद.

मधल्या काळात चाळीतल्या माणसांच्या 'कथा'नेही सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

२००६ मध्ये सईंना पद्मभूषण मिळाले. 'कुंकू' चित्रपटात भूमिका करणाऱ्या, कुटुंबनियोजनासाठी झटलेल्या त्यांच्या आई शकुंतला परांजपे यांना हाच सन्मान १९९१ मध्ये मिळाला होता.