चित्तरंजन याज्ञिक
डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह-संशोधक आहेत. पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला. इंग्लंडमधील अर्भकांच्या तुलनेत येथील अर्भके हलकी असूनही त्यांच्यातील चरबी बरीचशी टिकून असते, असे २००३ च्या शोधनिबंधात दिसले. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये जॉन युडकिन यांच्यासह त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले : दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, मात्र शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला (२००८). सडपातळ भारतीयांनाही मधुमेहाचा धोका का असतो, हे या लेखनामुळे उलगडण्यास मदत झाली.