जरीच्या धाग्यावर चालणारा खेळ

संगणकावरचा खेळ म्हटले की आपल्या कारागीर बांधवांना तो पोरांचा वेळखाऊ नाद वाटतो. परंतु तो खेळ चालविणारी कळ कापडाची, हाताने भरलेली असू शकते. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराई सरली की भरतकामाची सुई थंडावते, म्हणून हा विषय आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1990 च्या दशकातच जॅकेटवर धातूच्या धाग्याने कळा भरून संगीत वाजविले गेले. तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमी धाग्याचे ऑर्गंझा कापडही तेथे वापरले गेले. असे कापड भारतात पूर्वापार विणले जाते.

आता कृती पाहू. 'मेकी मेकी' नावाची छोटी विद्युत पट्टी 2012 पासून मिळते. ती यूएसबी तारेने संगणकाला जोडली की संगणक तिला कळफलकच समजतो. एक तार खेळणाऱ्याच्या हातात, दुसरी कापडी कळीला. कळीला बोट लागले की शरीरातून अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो आणि कळ दाबल्याचा इशारा जातो. घरातील विजेची तार मात्र कापडाला कधीही जोडू नये.

खरी कसोटी मालाची. चांदीची किंवा तांब्याच्या तारेची जर प्रवाह वाहून नेते. प्लॅस्टिकच्या चमकी जरीचा भरवसा नाही. म्हणून रीळ घेण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावे. दोन कळांत बोटभर अंतर ठेवावे. मागच्या बाजूने धाग्यांची टोके एकमेकांना लागली तर दोन्ही कळा एकदम दाबल्या जातात. म्हणून टोके कापून अस्तर लावावे.

खेळ सोपा असावा. 'स्क्रॅच' ही एमआयटीचीच मोफत प्रणाली 2007 पासून आहे. तीत पडद्यावर ठाण उलगडते. अडीच मीटरवर कळ दाबली तर गुण, जास्त कापले तर तोटा. आधी कागदावर आराखडा, मग कळीच्या जागी चांदीचा वर्ख नव्हे, स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद लावून चाचणी, आणि शेवटी भरतकाम. या क्रमाने जर वाया जात नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे 2002 पासून फॅब लॅब आहे. होतकरू मुलांनी ती जरूर पाहावी.

शाळा व खेळण्यांची दुकाने यांना नमुना दाखवून मगच माल भरावा. खेळात पैज वा जुगार नसावा. हुनर आपलाच, रोजी हलाल. इन्शाअल्लाह बरकत होईल.