खिंड नसती तर?

"कथेत महत्त्वाचे काय?" असे वर्गात विचारले की उत्तरे ठरलेली असतात : पात्रे, घटना, संवाद. स्थळाचे नाव सहसा कोणी घेत नाही. निबंधातही 'एका गावात' एवढे लिहून मुले पुढे धावतात.

म्हणून यंदा सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट घेतली. जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. पावसाळी रात्री शिवाजी महाराज निसटून विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू देशपांडे मोजक्या मावळ्यांसह घोडखिंडीत उभे राहिले आणि गडावरच्या तोफा ऐकू येईपर्यंत लढले.

मग मी म्हटले, "हीच लढाई आता जयनगरात घडवा." माझे घर तिथेच, मुलांनाही तो भाग माहीत आहे. बहुतेकांनी तलवारी, रिक्षा, गर्दी असे पानभर लिहिले. एका कॅडेटने चारच ओळी लिहून वही दिली. "सर, जमत नाही. बाजीप्रभूंनी एक क्रॉस अडवला, तर शत्रू शेजारच्या क्रॉसने पुढे जाईल."

त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

खिंड अरुंद, म्हणून शत्रूची मोठी फौज एकदम अंगावर येऊ शकत नाही. पाऊस आणि अंधार निसटणाऱ्यांना आडोसा देतात. गड दूर, म्हणून तोफांची वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यातच गोष्टीचा सारा ताण आहे. जागा बदलली की शौर्य तेच राहील, पण कथानक मोडेल.

मग जयनगरची गोष्ट कोणती? १९४८ साली हा भाग आखून वसवायला घेतला. सरळ रस्ते, आकड्यांची नावे. ब्लॉक न सांगता नुसता 'चौथा क्रॉस' सांगितला, तर पाहुणा भलत्याच दारात उभा राहील. इथे चुकामुकीची गोष्ट चांगली रंगेल.

कॅडेट मित्रांनो, कथा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. इथून बाहेर पडायच्या वाटा किती? इथून काय दिसते, काय ऐकू येते? पुढच्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागेल? नकाशावाचनाच्या तासाला हेच प्रश्न तुम्ही सोडवता. मराठीच्या तासालाही तेच वापरा.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मुले घरी आली की तुमच्या गावातली एखादी खरी गोष्ट त्यांना सांगा आणि मध्येच विचारा, "नदीला त्या दिवशी पाणी नसते तर?"