डेबियन प्रकल्प
डेबियन प्रकल्प : मुख्यतः लिनक्स गाभ्यावर आधारलेली, मुक्तपणे व विनामूल्य उपलब्ध असलेली संगणकीय परिचालन प्रणाली तयार करणारी स्वयंसेवकांची जागतिक संघटना. इयन मर्डॉक (१९७३–२०१५) या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये ती सुरू केली.

वेतन नसल्याने येथे हुकूम चालत नाही. १९९८ च्या संविधानानुसार कोणाही सदस्यावर कामाची सक्ती नाही; मात्र रीतसर घेतलेल्या निर्णयांविरुद्ध सक्रियपणे वागण्यास त्याला मनाई आहे. प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. प्रणालीतील आज्ञावली वेगवेगळ्या ‘पॅकेजां’त विभागलेल्या असून प्रत्येक पॅकेजाला एक वा अधिक पालक असतात. पालकाने काम सोडल्यास पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते व कोणीही पात्र सदस्य ते दत्तक घेऊ शकतो.

या विश्वासाची किंमतही मोजावी लागली. २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजात केलेल्या एका किरकोळ दिसणाऱ्या बदलामुळे त्यातून निर्माण होणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. मे २००८ पर्यंत ही चूक उघडकीस आली नाही. संकेत सर्वांना खुला होता, तरी तो बारकाईने तपासणे हे नेमके कोणाचेच काम नव्हते. त्यानंतर असंख्य संगणकांवरील किल्ल्या बदलाव्या लागल्या.