प्रोसेसर वाढवले की वेग वाढतो?

‘प्रोसेसर दुप्पट करा, काम निम्म्या वेळात होईल.’ सर्व्हर खरेदीच्या बैठकीत हे वाक्य ठामपणे टाकलं जातं आणि कोणी हरकत घेत नाही. हरकत घ्यायला हवी, कारण ते चूक आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच एका संगणक परिषदेत यातली अडचण मांडली होती. त्या अडचणीचं सूत्र आज ‘अ‍ॅमडालचा नियम’ म्हणून शिकवलं जातं.

समजा, प्रोग्रामचा ९५ टक्के भाग वाटून देता येतो आणि ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागतो. अशा वेळी ६४ प्रोसेसर लावले तर वेग वाढतो सुमारे १५ पट. १,०२४ लावले तर साडेएकोणीस पट. लाखभर लावा, २० पटींच्या पुढे जाताच येत नाही. उरलेले प्रोसेसर वीज खात बसून राहतात!

हा हिशेबही उदार आहे, कारण प्रोसेसरांनी एकमेकांशी बोलण्यात जाणारा वेळ त्यात धरलेलाच नाही. हवामानाच्या गणितात प्रत्येक प्रोसेसरकडे नकाशाचा एक तुकडा असतो आणि दर टप्प्याला शेजारच्या तुकड्याच्या कडेचे आकडे लागतात. ते येईपर्यंत थांबावंच लागतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला तो ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपा जोडून. या चिपमध्ये गणिताबरोबर शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. ही सोय महत्त्वाची. नुसती चिपांची संख्या नव्हे.

याच्या उलट ‘मग हजारो प्रोसेसर वायाच’ असंही कोणी म्हणू नये. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन गस्टाफसन यांनी दाखवलं की यंत्राबरोबर प्रश्नही मोठा केला, तर १,०२४ प्रोसेसरांवर हजार पटींहून अधिक वेग मिळतो. तेच काम लवकर होईल की मोठं काम हाती घेता येईल, हे आधी ठरवा.

आणखी काही. ‘परम ८०००’ची चिप भारतीय नव्हती, ती ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची; शेकडो चिपांकडून एकत्र काम करून घेणारी रचना आणि सॉफ्टवेअर इथलं. महासंगणकाला खास वेगळे प्रोसेसर लागतातच असं नाही: १९९८ चा ‘परम १००००’ सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालला, आणि तेच प्रोसेसर बाजारातल्या सर्व्हरमध्येही होते. आणि जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर टाकला म्हणून आपोआप समांतर होत नाही. कामाची वाटणी कशी करायची, कोणाला कधी काय कळवायचं, हे कोणीतरी बसून लिहावं लागतं. खरेदीच्या अंदाजपत्रकात त्या माणसाच्या पगाराची ओळ हवी.