आयर्लंडचे फिरते परीक्षक

चित्रपटाचे बरे असते, तो पुन्हा पाहता येतो. नाटकाचा मुक्काम हलला की संपले! म्हणूनच डब्लिनच्या ‘आयरिश टाइम्स’ या दैनिकाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नाट्यपुरस्कारांत खरी कसोटी लागते ती परीक्षकांची. हे तिघे वर्षभर गावोगावी जाऊन प्रयोग पाहतात.

राजधानीत ॲबी आणि गेट ही जुनी, मातबर नाट्यगृहे आहेत. पण चांगले नाटक तिथेच होते असे थोडेच आहे? ‘ड्रुइड’ ही संस्था १९७५ मध्ये पश्चिमेकडच्या गॉलवेत निघाली. तिच्या एक संस्थापक गॅरी हाइन्स यांना १९९८ मध्ये न्यूयॉर्कचे टोनी पारितोषिक मिळाले. नाटकाच्या दिग्दर्शनासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

विशेष म्हणजे हे पुरस्कार सरहद्द मानत नाहीत. बेलफास्ट ब्रिटिश अमलाखाली, तरी तिथली नाटकेही विचारात घेतली जातात. उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला १९९८ मध्ये, म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यानंतर.

नटांप्रमाणेच नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना यांनाही इथे स्वतंत्र पुरस्कार आहेत. एरवी या मंडळींची नावे प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नाहीत.